निळ्या डब्यातली काडतुसं

एकोणीसशे शहाण्णव सालची ही गोष्ट. मोरावा नदीने अर्धा मुलूख पाण्याखाली घातला, त्याच्या आदल्या वर्षीची. त्या वर्षीच्या मे महिन्यात रादमिलाचं पिस्तूल पहिल्यांदा अडलं.

रादमिला तेव्हा एकेचाळीस वर्षांची होती. बेअरिंगच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसायची. मिलिमीटरचा शंभरावा भाग कमी-जास्त झाला की माल परत पाठवायचा, हे तिचं काम. रविवारी मात्र ती जुन्या वीटभट्टीच्या खाणीत असायची. माती काढून काढून तिथे मोठा खड्डा झाला होता, तिन्ही बाजूंनी उंच कडे, आणि त्यातच नेमबाजांचा क्लब. क्लब तिच्या वडिलांनी, मेतोदेयनी, काढलेला. ते जाऊन सहा वर्षं झाली होती.

तिची नेमबाजी उभं राहून सावकाश नेम धरायची नव्हती. घंटा वाजली की पळायचं, फळीआडून वाकायचं, लोखंडी तबकड्या पाडायच्या, आणि घड्याळ थांबेपर्यंत श्वास घ्यायचा नाही. त्या शरदात स्पर्धेसाठी स्लोव्हेनियाला जाणाऱ्या महिला संघात एकच जागा उरली होती. जूनमध्ये एक सामना, ऑगस्टमध्ये दुसरा. दोन्हींचे गुण मिळून जी पुढे, ती जाणार. रादमिलाला ठाऊक होतं की ही तिची शेवटची संधी. संध्याकाळच्या उजेडात नळीच्या टोकावरची नेमखूण तिला आताच जराशी पुसट दिसू लागली होती. दोन वर्षांनी इतक्या वेगाने नेम धरण्याएवढी ती स्पष्ट दिसली नसती.

तर मे महिन्यात, तिसऱ्या तबकडीवर, पिस्तुलाची सरकपट्टी मागे गेली, पुढे आली आणि नखभर अलीकडे थांबली. घोडा दाबला तर काहीच नाही. तिने तळव्याने ठोसा मारला, तरी पट्टी हलेना. शेवटी जोराने मागे ओढून काडतूस बाहेर काढलं. गोळीवर एक चकचकीत ओरखडा होता. घड्याळ चालूच राहिलं.

क्लबात कोणाचं पिस्तूल अडलं की ते टेबलावर मांडायचं आणि सगळ्यांनी भोवती जमायचं, अशी पद्धत. लग्नघरी आजारी माणूस निघाला की जसे घरोघरचे वैद्य जमतात, तसे सगळे जमले.

"तेल जास्त घातलंस," अध्यक्ष व्रातिस्लाव म्हणाला. तो निवृत्त वनरक्षक. मिशांना पाइपच्या तंबाखूचा वास. "पिस्तूल आहे पोरी ते, कोशिंबीर नव्हे."

"स्प्रिंग मेलीय," स्लावेक खाटीक म्हणाला. त्याच्या मते जगातल्या प्रत्येक दुखण्याचं मूळ स्प्रिंगमध्येच असायचं.

"मनगट ढिलं पडतंय तुझं, रादमिला," इवोना म्हणाली. तिच्या हातात खसखशीच्या केकचा डबा होता. "घे ना एक. हाताला जोर येईल."

सगळे हसले. रादमिलाही हसली, पण केक घेतला नाही. इवोना एकोणतीस वर्षांची, चपळ, आणि त्या एका जागेवर तिचाही डोळा होता.

मेतोदेय नेहमी सांगायचे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्यास तर काय सुधारलं ते कळणार नाही आणि काय बिघडलं तेही. रादमिलाने तसंच केलं. आधी तेल पुसलं. मग स्प्रिंग बदलली. मग चारही मॅगझिनांवर रंगाने आकडे घातले आणि कोणत्या आकड्याला अडतं ते लिहून ठेवलं. चारहींत अडत होतं, दर पंधरा-वीस गोळ्यांमागे एकदा. नवऱ्याला, लुबोशला, पिस्तूल झाडायला दिलं. त्याचं मनगट म्हणजे बीचच्या झाडाचं खोड. त्याच्याही हातात अडलं. हिवाळ्यात तिने नवी नळी बसवून घेतली होती, घट्ट आणि अचूक, पण नळीवर तिला शंका घेता येईना. जानेवारीपासून एप्रिलअखेरपर्यंत त्याच नळीतून हजारभर गोळ्या गेल्या होत्या, एकदाही न अडता.

मग तिने दुकानातून कारखान्यात भरलेली पन्नास काडतुसं आणली. पन्नासच्या पन्नास लोण्यातून सुरी जावी तशी गेली.

उरली होती ती बोहुमीरकाकाची काडतुसं.

क्लबात काडतुसं भरणारा माणूस एकच, बोहुमीर. मेतोदेयचा जिवलग, भरणीचा परवाना असलेला, सत्तरीकडे झुकलेला. लोक खाणीतल्या रिकाम्या पितळी पुंगळ्या वेचून त्याच्या खोपटात नेऊन द्यायचे. तो त्या साफ करायचा, शिसं वितळवून गोळ्या ओतायचा, दारू मोजून घालायचा आणि वर गोळी बसवायचा. शेवटी प्रत्येक काडतूस तो आपल्या जुन्या पिस्तुलाच्या सुट्या नळीत टाकून बघायचा. टप्पकन पडलं की पास. रादमिलाचा डबा निळा, इवोनाचा पांढरा. डबा घेताना त्याच्यासमोर उघडून बघायचा नाही, आणि घरी नेऊनही तपासायचा नाही, हा क्लबाचा अलिखित नियम. बोहुमीरकाकाने भरलेलं तपासणं म्हणजे पाद्र्याने दिलेला प्रसाद हुंगून बघणं. तीस वर्षांत कोणी ते केलं नव्हतं.

आणि इवोना बोहुमीरकाकाची सून होती.

हे काही नव्याने कळलेलं नव्हतं. तिच्या लग्नात रादमिला नाचली होती. पण आता ती गोष्ट रात्रंदिवस तिच्या डोक्यात भुणभुणू लागली. पांढऱ्या डब्यातल्या काडतुसांनी इवोनाचं पिस्तूल एकदाही अडत नव्हतं. अडायचं ते फक्त निळ्या डब्यातल्यांनी.

तिने मुकाट्याने नियम मोडला. निळा डबा पिशवीत घालून कारखान्यात नेला आणि जेवणाच्या सुट्टीत व्हर्नियर लावून, म्हणजे मापाच्या पट्टीने, दोनशे काडतुसांची लांबी मोजली. मेतोदेयनी क्लबासाठी एक कार्ड लिहून ठेवलं होतं. बुडापासून टोकापर्यंत काडतूस किती लांब हवं, तो आकडा त्यावर होता, आणि ते कार्ड बोहुमीरच्या खोपटात खिळ्याला टांगलेलं असायचं. दोनशेच्या दोनशे काडतुसं त्या आकड्याला बरोबर उतरली.

"मग झालं तर," रात्रीचं जेवताना लुबोश म्हणाला. "काडतुसं ठीक आहेत."

"मापं ठीक आहेत," रादमिला म्हणाली. "मापं ठीक असून अडतंय, म्हणजे माणूस ठीक नाही."

"अगं, बोहुमीरकाकांनी तुला खांद्यावर बसवून जत्रा दाखवलीय."

"तेव्हा त्यांना सून नव्हती."

लुबोशने चमचा खाली ठेवला. "एका आळंबीने घसा खाजला म्हणून गावातल्या सगळ्या भाजीवाल्यांवर वहीम घेणारी बाई तू."

"खाजतोय तो माझा घसा ना?"

जूनच्या सामन्यात पिस्तूल दोनदा अडलं. घड्याळाने तिची सात सेकंदं खाल्ली आणि इवोना थोडक्यात पुढे गेली. सामना संपल्यावर इवोना आली, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "वाईट वाटलं गं. नशीबच." रादमिलाला तो हात पालीसारखा वाटला.

एकदा मनात पाल चुकचुकली की भिंतीवरची प्रत्येक रेघ शेपटी वाटते. बोहुमीरकाका हल्ली तिच्याकडे सरळ बघत नव्हता. पूर्वी डबा देताना दोन घटका बसवून घ्यायचा, वडिलांच्या गोष्टी सांगायचा, जर्दाळूची घरची दारू अंगठ्याएवढ्या पेल्यात ओतायचा. आता डबा दारातच हातात द्यायचा. "घाई आहे पोरी, मधमाश्या बघायच्यात." मधमाश्या इतकी वर्षं त्याला न विचारताच मध करत होत्या.

जुलैत एका दुपारी ती न सांगता गेली. खोपटाचं दार उघडं होतं. बोहुमीर शिशाच्या चुलीशी वाकलेला, हातात दोन लाकडी मुठींचा ओतायचा साचा. तिची चाहूल लागताच त्याने साचा बाकावर टाकला आणि त्यावर फडकं ओढलं. इतक्या घाईने, की फडक्याचं टोक चुलीला लागून करपलं.

"काय झाकताय, काका?"

"काही नाही. धूळ बसते."

"साच्यावर? चूल पेटलेली असताना?"

"तुला काही हवं होतं का?"

तिला हवं ते मिळालं होतं. कुठेतरी पाणी मुरतंय याची आता खात्रीच पटली. तिच्या काडतुसांसाठी वेगळा साचा होता. असं काहीतरी, जे व्हर्नियरला दिसत नाही आणि पिस्तुलाला मात्र बरोबर कळतं. घरी जाताना तिला रडू आलं नाही, उलट हलकं वाटलं. शंका खरी ठरण्यातही एक प्रकारचं सुख असतं, आणि त्याची माणसाला पुढे लाज वाटते.

ऑगस्टच्या सामन्याआधीच्या बुधवारी क्लबाची बैठक होती. संध्याकाळच्या उन्हात खाणीतल्या लाकडी बाकांवर पंधराएक जण बसलेले. व्रातिस्लाव रविवारी कोण कोणाच्या गाडीने जाणार ते ठरवत होता. रादमिला उठली.

"मला एक सांगायचंय. बोहुमीरकाका माझी काडतुसं निराळी भरतात. मी अडावं म्हणून."

कड्यावरून मातीचा एक खडा घरंगळला.

"काय बोलतेयस ते कळतंय का तुला?" व्रातिस्लाव म्हणाला.

"कळतंय. दुकानातली अडत नाहीत, यांची अडतात. इवोनाची अडत नाहीत, माझी अडतात. आणि साचा झाकताना मी यांना माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

सगळ्यांनी बोहुमीरकडे पाहिलं. तो उठला नाही. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि झाकलेल्या साच्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही. त्या गप्प बसण्याने रादमिलाची उरलीसुरली शंकाही फिटली.

इवोना मात्र उठली. "पांढरा डबा गाडीत आहे. तुझा निळा कुठाय?"

"इथेच आहे."

"तर मग चल. माझी तू झाड, तुझी मी झाडते. आत्ता, सगळ्यांसमोर. आणि माझं पिस्तूल अडलं तर रविवारी मी घरी बसेन."

"इवोना, बस खाली," बोहुमीर हळूच म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा, बाबा! तुम्ही गप्प बसता म्हणूनच लोकांची तोंडं सुटतात."

व्रातिस्लावने कानांवर आवाज रोखणारे मफ चढवले आणि मागे उभा राहिला. इवोनाने आपल्या पिस्तुलातून निळ्या डब्यातली शंभर काडतुसं झाडली. शंभर. एकही अडलं नाही.

मग रादमिलाने पांढऱ्या डब्यातून आपलं मॅगझिन भरलं. सहाव्या गोळीला सरकपट्टी नखभर अलीकडे थांबली.

मागे कोणीतरी खाकरलं. रादमिलाला वळून बघायचा धीर झाला नाही. तिने पिस्तूल रिकामं केलं, व्रातिस्लावला दाखवलं, टेबलावर नेऊन उघडलं आणि नळी बाहेर काढली. दोन्ही डब्यांतलं काडतूस सारखंच होतं तर. सामनाभर, उन्हाळाभर, ज्या एका गोष्टीची अदलाबदल करून बघायची राहिली होती ती हीच, कारण त्यासाठी इवोनाकडे मागावं लागलं असतं.

अडलेलं काडतूस तिने आपल्या नळीत टाकलं. पडलं, पण पूर्ण नाही. कागदभर वर राहिलं आणि बोटाने फिरेना. स्लावेककडून काळा पेन घेऊन तिने दुसऱ्या काडतुसाची गोळी रंगवली, नळीत दाबली, बाहेर काढली. रंग टोकावरचा गेला नव्हता. टोकाच्या खाली, गोळीच्या खांद्यावर गेला होता. तो चकचकीत ओरखडा ती मे महिन्यापासून बघत होती. अडल्यामुळे तो पडतो असं समजत होती. तो अडण्याचं कारण होता.

"गोळीचा आकार बदललाय," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "टोक बोथट आहे. खांदा रुंद आहे. लांबी तीच ठेवली, पण खांदा पुढे आला. माझ्या नव्या नळीच्या आतल्या आट्यांना टेकतो. काका... साचा बदललात?"

बोहुमीरने टोपी काढली. गुडघ्यावर ठेवली.

"मेतोदेयचा साचा एप्रिलात हातातून पडला," तो म्हणाला. "फरशीवर. टवका उडाला. त्याने स्वतः कारखान्यात कोरून मला दिला होता, अठ्ठावीस वर्षांपूर्वी. तुला कसं सांगू, तुझ्या बापाची वस्तू मी फोडली म्हणून? पलीकडच्या गावच्या क्लबातून मागून आणला."

"त्यांच्याकडून?" स्लावेकला राहवलं नाही. "ते बटाटे ओततात असं तुम्हीच म्हणायचात ना?"

"म्हणायचो," बोहुमीर म्हणाला. "म्हणूनच झाकला."

कोणी हसलं नाही.

"पण कार्डावरचा आकडा मी तसूभर हलवला नाही," तो रादमिलाकडे बघत म्हणाला. "मेतोदेयने लिहिलेला आकडा. तेवढं तरी त्याचं राहू दे म्हटलं. आणि प्रत्येक काडतूस माझ्या नळीत टाकून बघितलं. पडलं, एकूण एक."

त्याची नळी तीस वर्षांची होती. आतले आटे हजारो गोळ्यांनी झिजून मागे सरले होते. इवोनाच्या नळीचीही तीच कथा, ती त्याचंच दुसरं जुनं पिस्तूल वापरायची. त्या नळ्यांत काहीही पडलं असतं. रादमिलाच्या नळीत टाकून बघायला हवं होतं, आणि ते करू शकणारी एकटी रादमिलाच होती. पण तपासायचं नाही, हा नियम. व्हर्नियर लावताना तिने तो मोडला होता, तो चोराला पकडायला. काडतूस आपल्या नळीत टाकून बघावं इतकी साधी गोष्ट सुचायला मात्र संशयाने जागाच ठेवली नव्हती.

"काका, माझं चुकलं," ती म्हणाली.

"गोळी जरा खोल बसवावी लागेल," बोहुमीर टोपी डोक्यावर चढवत म्हणाला. "मग दारू किंचित कमी, खोल बसली की आतला दाब वाढतो. उद्या भरून वेग मोजून बघतो. शुक्रवारी दुपारी डबा मिळेल तुम्हाला."

तुम्हाला.

जन्मापासून तो तिला 'पोरी' म्हणत आला होता. आमच्याकडे एकदा 'तू' वर आलेली माणसं परत 'तुम्ही' वर जात नाहीत. ते कसं असतं ते रादमिलाला त्या संध्याकाळी कळलं. त्यापेक्षा त्याने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं, असं ती लुबोशला पुढे कितीदा म्हणाली.

शुक्रवारी तो डबा घेऊन स्वतः दारात आला. दोनशे काडतुसं. म्हणाला, "तपासून घ्या."

"नको काका. गरज नाही."

"तपासून घ्या," तो पुन्हा म्हणाला, आणि फाटकाशी उभा राहिला.

त्याच्यादेखत अंगणातल्या टेबलावर बसून तिने दोनशे काडतुसं एकेक करून आपल्या नळीत टाकली. प्रत्येक टप्पकन पडलं, बोटाने फिरलं. तासभर लागला. तो पूर्ण वेळ उभा होता. खुर्ची दिली तरी बसला नाही, पाणी दिलं तरी घेतलं नाही. दोनशेवं पडल्यावर त्याने मान हलवली आणि निघून गेला. खरं सांगायचं तर, दीडशेच्या पुढेही रादमिलाच्या मनात कुठेतरी, आता एखादं अडेल, असं येतच होतं. संशय असा सांगितल्याबरोबर उठून जात नाही.

रविवारी पिस्तूल दिवसभर एकदाही अडलं नाही. रादमिलाने तीन तबकड्या चुकवल्या. पहिल्या दोन घाईने, तिसरी नेमखूण पुसट दिसली म्हणून. इवोनाने एक चुकवली. दोष द्यायला ना स्प्रिंग होती, ना मॅगझिन, ना माणूस. निकाल लागल्यावर रादमिला इवोनाकडे गेली आणि हात पुढे केला. इवोनाने तो घेतला. "चांगली पळालीस," एवढंच म्हणाली.

इवोना स्लोव्हेनियाला जाऊन आली, एकोणिसावी आली. दोन वर्षांनी जुळी मुलं झाली आणि तिने पिस्तूल ठेवून दिलं. आता नवऱ्याबरोबर द्राक्षमळा बघते. तिची पांढरी वाइन जिल्ह्यात नावाजलेली आहे. स्लावेकने दुकान मुलाला दिलं आणि गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर तो फक्त पंचगिरी करायचा. व्रातिस्लाव दोन हजार तीन साली आळंब्या वेचायला गेला, तिथेच एका बीचच्या झाडाला टेकून बसला आणि उठला नाही.

बोहुमीर दोन हजार आठपर्यंत काडतुसं भरत होता, पण क्लबातल्या प्रत्येकाला आपापली नळी घेऊन यायला लावायचा. समोर टाकून बघितल्याशिवाय डबा द्यायचा नाही. रादमिलासाठी त्याने पुन्हा भरली नाहीत. तिने मागितलीही नाहीत. रस्त्यात भेटला की टोपीला हात लावून "नमस्कार बाई" म्हणायचा. दोन हजार अकराच्या हिवाळ्यात तो वारला. रादमिला दफनाला मागच्या रांगेत उभी राहिली.

रादमिलाने सत्त्याण्णव साली भरणीचा परवाना काढला आणि आपली काडतुसं आपणच भरू लागली. डोळ्यांनी साथ दिली तोवर, म्हणजे पन्नाशी उलटेपर्यंत, नेम धरला. आता सत्तरी ओलांडली आहे. लुबोशबरोबर त्याच घरात राहते, आणि अंगणातली जर्दाळू दर जुलैत उतरवते.